आधी सावली, मग पाणी

उष्णतेची लाट आली की दोन प्रकारची आवाहनं सुरू होतात. माणसांना सांगितलं जातं, दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा. पक्ष्यांसाठी सांगितलं जातं, गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवा. दुसऱ्या आवाहनामागची कळकळ खरी आहे आणि भांडं भरणारा हात थांबावा असं कुणीच म्हणणार नाही. पण ‘उन्हाळ्यात वन्यजीवांसाठी काय करायचं’ या प्रश्नाचं तेवढंच उत्तर आहे असं आपण मानू लागलो आहोत. जो माणूस सकाळी पक्ष्यांच्या भांड्यात पाणी ओततो, त्याच्याच सोसायटीत त्याच आठवड्यात झाडाचा निम्मा पर्णसंभार उतरवला जातो आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. उन्हात मरणारे अनेक जीव पाणी सापडलं नाही म्हणून मरत नाहीत. अंगातली उष्णता टाकायला गार जागा उरलेली नसते म्हणून मरतात. किंवा दिवसभर सावलीत दडून बसावं लागल्यामुळे पोट भरायला वेळच मिळत नाही म्हणून खंगतात. त्यामुळे मदतीचा क्रम सावली, मग निवांतपणा आणि मग पाणी असा असायला हवा. सार्वजनिक पैसाही याच क्रमाने खर्च व्हायला हवा.

हे पटण्यासाठी पक्ष्याचं शरीर समजून घ्यावं लागतं. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचं तापमान एरवीच ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं आणि ते ४६ अंशांच्या आसपास पोचलं की जगणं अवघड होतं. म्हणजे हाताशी चार-पाच अंशांचाच अवकाश. हवा शरीरापेक्षा थंड आहे तोवर पंख अंगापासून सुटे धरून, चोचीतून आणि उघड्या पायांतून उष्णता बाहेर सोडता येते. हवा शरीराहून गरम झाली की एकच वाट उरते, ती म्हणजे अंगातल्या पाण्याची वाफ करणं. चोच वासून धापा टाकणारा कावळा आणि गळ्याची कातडी भराभर थरथरवणारा पाणकावळा हेच करत असतात. करकोचे आणि अमेरिका खंडांतली गिधाडं स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ती सुकताना पायांतलं रक्त थंड होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. उपाय उत्तम आहे, पण दहा ग्रॅम वजनाच्या चिमुकल्या पक्ष्याकडे उधळायला पाणी असतं तरी किती? आणि उघड्या उन्हात बसलेल्या पक्ष्याला हवेच्या तापमानावर सूर्यकिरणांचा आणि तापलेल्या जमिनीचाही मारा सोसावा लागतो. तोच पक्षी दाट पानांत गेला की हा जादा भार उतरतो आणि पाण्याची गरज झपाट्याने कमी होते. सावली म्हणजे वाचवलेलं पाणी, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही, अक्षरशः खरं आहे.

शिवाय भांड्यावर येतं कोण? मुख्यतः दाणे खाणारे: चिमण्या, कबुतरं, होले, मुनिया. कोरडे दाणे खाणाऱ्याला रोज पाणी प्यावंच लागतं. कीटक, सरडे, उंदीर खाणाऱ्यांना बरंचसं पाणी भक्ष्यातूनच मिळतं. त्यांना वाचवायचं तर कीटक टिकले पाहिजेत आणि कीटक टिकायला ओलसर माती, पालापाचोळा, न कापलेलं गवत लागतं. भांडी मोजून ‘आपण पक्ष्यांसाठी पुरेसं केलं’ असं ठरवताना हा सगळा वर्ग हिशेबाबाहेर राहतो.

लाटेचं सर्वांत मोठं नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलहारी वाळवंटात पिवळ्या चोचीच्या धनेशाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. या जातीची मादी अंडी घालताना ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. कडक उन्हात नराला भक्ष्य शोधण्यापेक्षा सावलीत धापा टाकण्यातच अधिक वेळ घालवावा लागतो. २००८ ते २०११ या काळात एका वीणीमागे सरासरी १.१ पिल्लं उडती होत होती. २०१६ ते २०१९ मध्ये हा आकडा ०.४ वर आला. वीणीच्या काळातलं सरासरी कमाल तापमान ३५.७ अंशांच्या वर गेलं, तिथे एकही वीण यशस्वी झाली नाही. ३५.७ हा काही अंगाची लाही करणारा आकडा वाटत नाही. त्या तापमानाला पक्षी झाडावरून पडत नाहीत, प्रेतं दिसत नाहीत, बातमी होत नाही. पिल्लं फक्त वाढत नाहीत.

उघड दिसणारे मृत्यू त्यानंतरच्या पायरीवर येतात आणि तेव्हा फार थोड्या वेळात फार मोठा संहार होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स परिसरात तापमान ४२ अंशांच्या वर गेलं आणि दोन दिवसांत चष्मेवाल्या फळखाऊ वटवाघळांपैकी सुमारे २३,००० मेली. त्या देशातल्या या जातीच्या एकूण संख्येचा तो जवळपास तिसरा हिस्सा होता. जून २०२२ मध्ये स्पेनच्या सेव्हिल शहरात पाकोळ्यांची पिल्लं इमारतींच्या भेगांतल्या घरट्यांमधून रस्त्यावर पडू लागली. भिंत आणि छप्पर तापून घरट्याची भट्टी झाल्यावर उडता न येणारं पिल्लूही कडेला सरकतं आणि खाली पडतं. त्याच्या आदल्या वर्षी, २९ जून २०२१ ला, कॅनडातल्या लिटन गावात ४९.६ अंशांची नोंद झाली. त्याच लाटेत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले शिंपले आणि इतर जीव मिळून एक अब्जाहून अधिक मेले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उन्हाकडे तोंड असलेल्या खडकांवरचे शिंपले शिजून निघाले, सावलीच्या बाजूचे त्यामानाने तगले. समुद्राच्या काठावर, पाण्यापासून हाताच्या अंतरावर असलेल्या जिवांचीही ही गत झाली.

सावली म्हणजे केवळ वरचं छत नव्हे. वटवाघळं तापली की ठरावीक क्रमाने वागतात: आधी पंखांनी वारा घेतात, मग झाडाच्या आतल्या भागात सरकतात, मग अंग चाटतात, धापा टाकतात आणि शेवटी खोडावरून खाली उतरून एकमेकांना बिलगून घोळके करतात. घोळक्यातल्या आतल्या वटवाघळांना उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि मृत्यू तिथेच वाढतात. झाडाखाली झुडपांचा दाट थर असेल तर खाली उतरणाऱ्यांना पांगायला गार जागा मिळते. ‘स्वच्छता’ म्हणून वटवाघळांच्या झाडाखालची झुडपं साफ करणं हे म्हणूनच फार महागात पडतं. पालापाचोळ्याचंही तसंच. हवा ४० अंशांवर असताना उन्हातलं डांबर ६० अंशांच्या पलीकडे जातं, तर दाट सावलीतल्या पाचोळ्याखालची ओल धरलेली माती हवेपेक्षाही गार राहते. बेडूक, गोगलगायी, सापसुरळ्या आणि कीटकांच्या अळ्या उन्हाळा काढतात तो तिथे. बागेतला पाचोळा झाडून जाळणं म्हणजे त्यांचं छप्पर जाळणं. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून बाकी जमिनीवर आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा पाचोळा राहू द्यावा. एका कोपऱ्यात जाड ओंडके आणि दगडांचा ढीग रचावा आणि त्याची खालची बाजू अधूनमधून भिजवावी. खर्च शून्याजवळ आणि उपयोग डझनभर भांड्यांहून जास्त.

लाकडी घरट्यांबद्दल इथेच बोललं पाहिजे, कारण चांगल्या हेतूने होणारी ही सर्वांत घातक चूक असावी. जिवंत झाडाच्या ढोलीला जाड, ओलसर भिंती असतात, त्यामुळे भर दुपारी ती बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते. पातळ प्लायवुडची पेटी उलट बाहेरच्याहून गरम होते. पेटी लावायचीच असेल तर लाकूड किमान दोन सेंटिमीटर जाड हवं, बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग हवा, छप्पर समोर आणि बाजूंना चांगलं पुढे आलेलं हवं, छपराखाली हवेसाठी भोकं हवीत आणि पश्चिमेचं ऊन तिच्यावर पडता कामा नये. पत्र्याची, प्लास्टिकची किंवा उघड्या भिंतीवर टांगलेली पेटी कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात लावूच नये. पण खरा उपाय ढोल्या असलेली जुनी झाडं राखणं हाच आहे. ‘पोकळ आहे, धोकादायक आहे’ म्हणून तोडल्या जाणाऱ्या झाडांपैकी कितीतरी झाडांचं वजनदार डोकं हलकं करून खोड उभं ठेवता येतं.

छाटणी हा तर सार्वजनिक धोरणाचा थेट मुद्दा आहे. वादळपावसात फांद्या पडू नयेत म्हणून पावसाआधी छाटणी करायची, अशी पद्धत अनेक शहरांत आहे. हेतू योग्य, वेळ चुकीची. ऊन सर्वांत कडक आणि बऱ्याच पक्ष्यांची घरटी भरलेली, नेमक्या त्याच आठवड्यांत सावली उतरवली जाते. धोक्याच्या फांद्या ऊन चढण्यापूर्वी, थंड महिन्यांतच हेरून काढता येतात. वाळलेल्या, चिरलेल्या आणि तारांना टेकलेल्या फांद्या एवढंच काम असावं. एका वेळी पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढायचा नाही, हा वृक्षतज्ज्ञांचा साधा नियम आहे. त्याहून जास्त काढलं की झाडाच्या उघड्या पडलेल्या सालीला उन्हाचा चटका बसतो आणि झाडच दुबळं होतं. पुढच्या वादळात पडतं ते हेच झाड.

आता पाणी. ते द्यावंच, पण नीट द्यावं. भांडं मातीचं, खडबडीत, साधारण एक फूट रुंदीचं असावं. काठाशी दोन आणि मध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको. गुळगुळीत स्टील किंवा प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि धातू उन्हात तापून चटका देतो. मध्ये पाण्याबाहेर डोकं काढणारा एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्या आणि लहान पिल्लं बुडत नाहीत. मधमाश्यांना पाणी केवळ पिण्यापुरतं लागत नाही. पोळ्यातल्या अळ्यांना ३४ ते ३६ अंशांत राखण्यासाठी त्या पाणी आणून आत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. भांडं दिवसभर सावली मिळेल अशा जागी, दाट झुडपापासून दोन-तीन मीटर दूर ठेवावं. जवळ ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलं तर ससाण्याच्या भीतीने पक्षी येत नाहीत. मोठ्या काचेच्या तावदानासमोर ते कधीही नको.

पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचंही. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात, त्यामुळे नुसतं ओतून पुन्हा भरल्याने काम होत नाही. काथ्याने खरवडावं. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुऊन, भरपूर खळबळून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरावं. घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये घशाचे आणि आतड्यांचे रोग पसरतात. गर्दीच्या एका पाणवठ्यावर आजारी कबुतर आलं की सगळा थवा धोक्यात येतो, म्हणून एका मोठ्या भांड्यापेक्षा दूरदूर ठेवलेली तीन लहान भांडी बरी. पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज, बर्फ काहीही घालू नये. आणि एकदा ठेवायला लागलात तर ऐन लाटेत गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. रोजची सवय झालेल्या पक्ष्याला भर दुपारी कोरडं भांडं सापडणं हे भांडं नसण्यापेक्षा वाईट आहे.

मोठ्या प्रमाणावरच्या पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि इथे केवळ कळवळ्याने निर्णय घेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या कोरड्या उत्तर भागात कूपनलिका खोदून पाणवठे केले गेले. पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि तोवर त्या कोरडेपणामुळेच सुरक्षित असलेलं रोन नावाचं दुर्मीळ हरीण त्यांच्या तावडीत सापडलं. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेली रोन हरणं १९९३ पर्यंत ४५ च्या आसपास आली. पुढे त्या उद्यानाने अनेक कृत्रिम पाणवठे बंद केले. जिथे पाणी तिथे चराई वाढते, भोवतालची जमीन उघडी पडते आणि दुष्काळात जनावरं तहानेने नव्हे तर भुकेने मरतात. याचा अर्थ जंगलात पाणी देऊच नये असा नाही. माणसाने धरणं, रस्ते आणि कुंपणांनी जुन्या वाटा तोडल्या असतील तिथे ते द्यावंच लागेल. पण पाणवठा कुठे, किती अंतरावर, किती महिने हे त्या जंगलातले प्राणी आणि चारा मोजून ठरलं पाहिजे, टँकर उपलब्ध आहे म्हणून नव्हे. टाकी बांधलीच तर एक बाजू उताराची, खडबडीत ठेवावी. उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या हौदांत सरडे, मुंगसं, हरणांची पाडसं पडून मरतात.

तळ्यांचं गणित वेगळं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना जेमतेम ७. नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. रात्री शेवाळं आणि पाणवनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट वापरतात, म्हणून मासे पहाटे मरतात आणि सकाळी तरंगताना दिसतात. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले की रात्री कारंजी चालू ठेवावीत. शोभेसाठी ती दुपारी चालवून पहाटे बंद ठेवणं म्हणजे उलटी गंगा. तळ्यात पाव-पोळी टाकणं थांबवावं, ती कुजताना प्राणवायू खाते. क्लोरीनयुक्त पाणी एकदम मोठ्या प्रमाणात सोडू नये. मेलेले मासे-पक्षी हातमोजे घालून त्याच दिवशी काढावेत, कारण गरम साचलेल्या पाण्यातल्या प्रेतांत बॉट्युलिझम या लकवा आणणाऱ्या रोगाचं विष तयार होतं आणि त्या प्रेतांवरच्या अळ्या खाऊन आणखी पक्षी मरतात.

उन्हाने पडलेला पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि वाचू शकणारा पक्षी मदत करणाऱ्याच्या हातात मरतो. हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड घालून, त्याला अंधारात, शांत आणि गार जागी ठेवावं. मान धरून शुद्धीत बसत असेल तर उथळ वाटीत पाणी जवळ ठेवावं, तो स्वतः पिईल. पाय साध्या पाण्याने ओले केले तर चालतात. बर्फाचं पाणी नको, पिसं चिंब भिजवणं नको. तास-दोन तासांत सावरला तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर सापडला त्याच जागी सोडावा, नाहीतर पशुवैद्याकडे न्यावा. पिसं पूर्ण आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या झुडपाच्या सावलीत ठेवून दूर व्हावं. वटवाघळाला आणि कुठल्याही सस्तन प्राण्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. रेबीज आणि त्याच्या कुळातल्या विषाणूंचा धोका खरा आहे. वटवाघळांच्या झाडाखाली गर्दी करून पाईपने फवारे मारणंही टाळावं. घाबरून उडालेलं वटवाघूळ त्या उन्हात अधिक तापतं आणि दमट हवेत त्याच्या अंगावरचं पाणी सुकत नाही. ते काम प्रशिक्षित माणसांनी, दुरून करायचं आहे.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: माणसं उष्माघाताने मरत असताना आधी त्यांचं बघावं. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला, तो माणसांचे जीव वाचवण्यासाठीच, आणि पुढे अनेक शहरांनी तो मार्ग धरला. पण माणूस आणि इतर जीव यांच्या गरजा इथे एकमेकींविरुद्ध उभ्या नाहीत. रस्त्यावरचं झाड फेरीवाल्यालाही सावली देतं आणि साळुंकीलाही. काँक्रीट न झालेली जमीन रात्री लवकर निवते आणि त्याचा फायदा उघड्यावर झोपणाऱ्यालाही होतो, दिवसभर तापलेल्या खारीलाही. ‘निसर्ग जुळवून घेईल’ हा दुसरा आक्षेप मात्र सरळ चुकीचा आहे. प्राणी जुळवून घेतात ते जागा बदलून आणि वेळ बदलून. दुपारचे व्यवहार पहाटे आणि रात्री ढकलायचे तर रात्रीला अंधार हवा, रस्ता ओलांडताना वाहनं हळू हवीत, पाणवठ्यावर माणसं आणि मोकाट कुत्री नकोत. ते सगळं आपण काढून घ्यायचं आणि जुळवून घेण्याची अपेक्षाही ठेवायची, हे चालणार नाही.

म्हणून उष्णता कृती आराखड्यांत वन्यजीवांसाठी एक स्वतंत्र, बंधनकारक भाग हवा. लाटेचा इशारा निघाला की त्या दिवसापासून छाटणी, झुडपं तोडणं आणि तळ्यातला गाळ काढणं थांबावं. उद्यानं आणि जंगलातल्या पाणवठ्यांजवळच्या वाटा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बंद राहाव्यात. वटवाघळांची आणि बगळ्यांची वस्ती असलेली झाडं नकाशावर आधीच नोंदलेली असावीत आणि त्यांच्याजवळ बांधकामाचा, फटाक्यांचा, ध्वनिक्षेपकांचा आवाज होऊ नये. इशाऱ्याचे निकष ठरवताना फक्त दुपारचा कमाल आकडा पाहू नये. रात्रीचं किमान तापमान किती उतरलं आणि सलग किती रात्री ते उतरलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं आहे, कारण दिवसभरात साठलेला ताण जीव फेडतात ते रात्री. आणि लाट ओसरल्यावर तीन दिवस, ठरलेल्या झाडांखाली आणि ठरलेल्या तळ्यांकाठी, मेलेल्या जिवांची जातवार मोजणी व्हावी. आज माणसांच्या मृत्यूंचीही नोंद धड होत नाही, तिथे पाखरांची कोण ठेवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण मोजणीशिवाय कुठली झाडं, कुठले कोपरे जीव वाचवतात हे कळत नाही आणि पुढच्या वर्षीचा पैसा पुन्हा भांडी वाटण्यातच जातो.

आज लावलेलं रोप उपयोगाची सावली द्यायला दहा-पंधरा वर्षं घेईल. तोवर आहे ती सावली बदलून मिळणार नाही. एका मोठ्या झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावण्याची अट कागदावर फायद्याची दिसते, पण त्या रोपांखाली पुढचे दहा उन्हाळे एकही पक्षी दुपार काढू शकणार नाही. झाड तोडण्याच्या परवानगीवर सही करण्यापूर्वी त्या झाडाखाली दुपारी दोन वाजता तापमापक धरून, आतलं आणि बाहेरचं तापमान त्या अर्जावर लिहिण्याची सक्ती करावी.